उरलेली चिठ्ठी

हबीब,

तुझ्या नसरीननं माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. तुझ्या हातच्या अक्षरांचे नमुने गोळा करून ती एक छोटं पुस्तक काढते आहे. तुझे शागीर्द लिहिणार आहेत, आपल्या प्रेसमधले उरलेसुरले लोक लिहिणार आहेत. "चाचा, तुमचं मराठीतच छापते," ती म्हणाली, "अब्बांचे निम्मे दोस्त उर्दू वाचत नाहीत." मी हो म्हणालो आणि घरी येऊन एका बैठकीत दोन पानं लिहूनही काढली. तुझा स्थिर हात, तुझं खोकत खोकत हसणं, कुडत्याच्या उजव्या बाहीवरचे शाईचे डाग. चांगली झाली होती पानं. कुणी नावं ठेवली नसती. ती मी फाडली.

कारण त्यांतही मी इंदूरची गोष्ट लिहिली होती, तू सांगायचास तशीच. "हैदराबाद जाना था, चिट्ठी ने इंदौर भेज दिया." हे वाक्य तू शहागंजच्या दुकानांत सांगितलंस, शागिर्दांना सांगितलंस, शेवटी शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरलाही सांगितलंस. हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल, त्या बहुतेकांनी ते तुझ्या तोंडून ऐकलं आहे. ते खरं नाही. तुला ते माहीत नव्हतं. मला होतं. सहा वर्षं मी ते तुझ्या शेजारी बसून ऐकलं आणि मान हलवली.

ज्यांना आपलं नातं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू जरा थांब. सिटी चौकामागच्या गल्लीतल्या एका प्रेसमध्ये आपण दोघं तीसेक वर्षं समोरासमोर बसलो. तू कातिब, म्हणजे उर्दू मजकूर बोरूनं हातानं लिहिणारा. मी मराठी कंपोझिटर, खिळे जुळवणारा. आपल्या शहरात लग्नपत्रिका दोन भाषांत निघायच्या. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. ओली प्रूफं वाळत टांगली की तू माझ्या बाजूकडे बघून म्हणायचास, "दिगूमियाँ, तुम्हारे हर्फ़ तो परेड में खड़े हैं. एक भी हँसता नहीं." मी म्हणायचो, "आणि तुझे सगळे पोटभर जेवून लवंडलेत." मालक आतून ओरडायचे, पत्रिका उद्या द्यायच्यात, लग्न तुमचं नाहीये!

लग्नसराई संपली की मशीन दुरुस्तीला खोललं जायचं आणि आपल्याला चार दिवस सुटी मिळायची. त्यातल्या तीन दिवसांची सहल, दर वर्षी जमायची नाही, पण जमली की फक्त दोघांची. बायकांना हे कधी पटलं नाही. तुझी म्हणायची, एवढं वर्षभर एकमेकांचं तोंड बघून पोट भरत नाही का. तू एक शहर सांगायचास, मी एक. आठवडाभर भांडण. मग प्रेससमोरच्या चहाच्या हॉटेलात निकाल. पत्रिकांच्या कातरणीतले दोन बोटभर तुकडे घ्यायचे, ज्यानं त्यानं आपलं शहर लिहायचं, मधोमध एकच घडी घालायची आणि बशीत टाकायचं. दारातून जे पुढचं गिऱ्हाईक येईल त्यानं एक चिठ्ठी उचलायची. निघालं ते शहर. त्यावर वाद नाही, अपील नाही. आणि उरलेली चिठ्ठी कुणी उघडायची नाही.

हा शेवटचा नियम तुझा. पहिल्याच वर्षी मी उरलेली उघडायला गेलो तर तू हात धरलास. "नक्को रे. जो शहर नहीं निकला, उसको शर्मिंदा कायकू करना?" आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक असायचं, तरी तू ती न उघडता उचलायचास आणि खिशात टाकायचास. मला वाटायचं, पुढं गटारीत टाकत असशील.

आपण बिदर पाहिलं, बऱ्हाणपूर पाहिलं, भोपाळ, सोलापूर, नागपूर पाहिलं. खरं सांगायचं तर शहर बघायला मला तू शिकवलंस. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मी रिक्षा शोधायचो, तू दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहायचास. "शहर पहले अपने बोर्ड से बोलता है," म्हणायचास. आजही कुठल्या गावात उतरलो की माझी नजर आधी वर जाते. हे तुझं देणं आहे. ते मी आयुष्यभर वापरलं आणि कधी बोललो नाही.

एका वर्षी हैदराबाद निघालं. तुझी चिठ्ठी. तू लहान पोरासारखा उड्या मारायचाच बाकी होतास, कारण तिथं तुझे उस्ताद होते. चारमिनारच्या मागच्या गल्लीतली ती खोली, जमिनीवरची ठेंगणी डेस्क, आणि भिंतीला टेकलेले ते हाडकुळे वृद्ध गृहस्थ. तू पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे मुडपून त्यांच्यापुढं बसलास. तुझी एक ओळ त्यांनी बोटानं मोजली, एका अक्षराच्या पोटाला अर्धा ठिपका जास्त आहे म्हणाले, आणि तू कान पकडलेस. माझ्याशी तू नक्को रे, हौ रे असं बोलायचास. तिथं तुझी भाषाच बदलली. जी हज़रत, बजा फ़रमाया. चार तास तुम्ही बोलत होतात आणि मी आपल्या दोन पिशव्यांशेजारी तिसरी पिशवी होऊन बसलो होतो.

उठायच्या वेळी उस्तादांनी माझ्याकडे हात करून विचारलं, "ये साहब?" तू घाईत चपला शोधत होतास. म्हणालास, "जी, साथ आए हैं."

बस, एवढंच. सोबत आलेत. दोस्त आहे नाही, भाऊ आहे नाही, वीस वर्षं समोर बसतो नाही. परतीच्या गाडीत तू उस्तादांबद्दल बोलत राहिलास आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ते शब्द मी घरी घेऊन आलो आणि इतकी वर्षं सांभाळले. कुणाला सांगितले असते तर हसले असते लोक. म्हणून सांगितले नाहीत, तुलाही नाही. सांगितले असते तर तू हसला असतास, मग मला मिठी मारली असतीस, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

मग ते वर्ष आलं. आपण दोघं निवृत्त, प्रेसमध्ये खिळे जाऊन संगणक आलेले, पण सहल आणि चिठ्ठी चालूच. तुझ्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणायचास. समोरचं दिसायचं, कडेचं सगळं गेलेलं, आणि समोरचंही धुरकट. त्याच उन्हाळ्यात उस्तादांचा निरोप आला. ते नव्वदीला टेकले होते. म्हणाले होते, येऊन माझं कलमदान घेऊन जा, हातात द्यायची ताकद आहे तोवर. हे तू मला औरंगपुऱ्याच्या रस्त्यावर थांबवून सांगितलंस. बोरू ठेवायची लाकडी पेटी ती, त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. तुम्हा कातिबांत ती अशीच जाते, समोर बसवून, हातातून हातात. पोस्टानं येत नाही, दुसऱ्याकरवी येत नाही. "मेरे बाद नसरीन को दूँगा," तू म्हणालास. "उसका हाथ मेरे से अच्छा है, उसको बोलना नक्को."

एवढं होतं तर चिठ्ठी कशाला, असं कुणीही विचारेल. मीही तेव्हा विचारलं. तू म्हणालास, "कायदा है ना अपना." पण म्हणताना माझ्याकडे बघत होतास. आज मला पक्कं वाटतं, तू वाट बघत होतास, मी म्हणेन, खड्ड्यात गेली चिठ्ठी, चल हैदराबादला. एकट्यानं गाडी चढायची तुला आता भीती होती, नसरीन शिकवायची ती शाळा नुकतीच उघडली होती, तिला रजा नव्हती. मी म्हणालो, "बरं. माझं इंदूर."

इंदुरात माझं काहीही नव्हतं. तोंडाला आलं ते नाव घेतलं.

हॉटेलात तू खिशातून दोन कोरे तुकडे काढलेस, पेन शोधलंस आणि माझ्यापुढं सरकवलंस. "तूच लिख दोनों. मेरेकू लकीर नहीं दिखती." आयुष्यभर रेघेवर जगलेला माणूस तू. पहिल्या तुकड्यावर मी इंदूर लिहिलं. दुसरा पुढ्यात घेतला. हबीब, मी घरून काही ठरवून आलो नव्हतो, एवढं तरी मान. पेन टेकवलं आणि मला ती खोली दिसली, त्या पिशव्या दिसल्या. जी, साथ आए हैं. माझ्या हातानं पुन्हा इंदूर लिहिलं. घडी घातली. बशीत टाकलं. तू माझ्या चेहऱ्याकडे बघत होतास, पण तो तुला धड दिसत नव्हता.

दारातून फुलंब्रीकडचा एक शेतकरी आला. खांद्यावर मोटारसायकलची ट्यूब, कपाळावर घाम. तू बशी पुढं केलीस. "उठाओ भाई, एक उठाओ."

"काय हाय हे? सोडत हाय का?"

"शहर है उसमें."

"आख्खं शहर?" त्यानं बशीत वाकून बघितलं. "मंग आमचं फुलंब्री नाय का टाकलं कुणी? गरिबाचं गाव म्हून?"

हॉटेलभर हशा पिकला. त्यानं एक उचलून तुझ्या हातात दिली. तू ती डोळ्याजवळ नेलीस, मग माझ्याकडे दिलीस. "पढ़."

"इंदूर," मी वाचलं.

तू बशीच्या कडेवरून अंगठा फिरवलास, एक पुरा फेरा. मग म्हणालास, "चलो. पोहे खाएँगे." शेतकऱ्याला चहा सांगितलास. आणि तिथंच बसून हैदराबादला फोन लावलास. मी शेजारी होतो, मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "जी हज़रत, नहीं निकला... जी, चिट्ठी ही ऐसी निकली... अगले साल, इंशाअल्लाह... जी हाँ, जी हाँ, क्यों नहीं, हम दोनों भाई हाज़िर होंगे."

हम दोनों भाई.

इतक्या वर्षांत मला जे ऐकायचं होतं ते तू माझ्यासमोर, त्यांनाच, सांगितलंस. दुसरी चिठ्ठी अजून बशीतच होती. मी ती उघडून तुझ्यापुढं टाकू शकत होतो. तू मला शिव्या दिल्या असत्यास, चमचा फेकला असतास, आणि दुसऱ्या दिवशी आपण हैदराबादच्या गाडीत बसलो असतो. लिहिताना घडलं ते रागात घडलं, असं म्हणून त्याची थोडी तरी समजूत घालता येते. पण फोननंतर माझ्या मनात राग उरला नव्हता. नुसती लाज होती, आणि मी चहा ढवळत बसलो. साखर कधीच विरघळली होती. तू बशीतली चिठ्ठी चाचपडत उचललीस आणि खिशात टाकलीस.

इंदुरात तू माझ्यापेक्षा खूश होतास. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरायचास. राजवाड्यासमोर एका कट्ट्यावर बसून म्हणालास, "क्या दिखता, बता." मी पाट्या वाचून दाखवल्या, रंग सांगितले, एका पाटीवरचं अक्षर कसं तिरकं पडलंय ते सांगितलं, आणि तू तर्जनीनं गुडघ्यावर ते गिरवत होतास. मग एकदम म्हणालास, "अच्छा हुआ इधर आए. हैदराबाद में तू गूँगा हो जाता. कायकू रे?"

"काही नाही."

"कुछ तो है. घर जा के पूछता."

तू विचारलं नाहीस. मी वाट बघत होतो की घाबरत होतो, मलाच कळत नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत उस्ताद गेले. कलमदान त्या दिवशी तिथं जो कुणी शागीर्द हजर होता त्याच्याकडे गेलं, कोण ते तुलाही कळलं नाही. मी आलो तेव्हा तू घराच्या पायरीवर बसून एक बोरू तासत होतास. दिसत नव्हतं, अंदाजानं. टोक यायचं, तू पुन्हा छाटायचास. दुपारपर्यंत हातात बोटाएवढा तुकडा राहिला. माझ्याकडे तोंड करून म्हणालास, "तू कायकू मुँह लटका के बैठा? चिट्ठी थी, भाई. तेरा क्या क़सूर?"

माझं सांत्वन केलंस तू, हबीब. ते मी घेतलं.

त्यानंतर तुझे डोळे पुरतेच गेले आणि सहल बंद झाली. गोष्ट मात्र सुरू राहिली. तू ती हसत सांगायचास, फुलंब्रीच्या माणसाची नक्कल करून. तुझ्या तोंडी ती आपल्या दोस्तीची गोष्ट झाली होती. मी मध्ये बोललो असतो तर नुसती गोष्टच गेली नसती, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

शेवटच्या आठवड्यात मी दोनदा सांगायला म्हणून आलो. पहिल्यांदा तुझे शागीर्द बसले होते. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढली, तुझा हात हातात घेतला. मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, "ठीक हो गया तो हैदराबाद. उस्ताद की क़ब्र पे. इस बार चिट्ठी नक्को."

मी म्हणालो, "हो." तेवढंच म्हणालो. चार दिवसांनी तू गेलास.

तुझा चाळिसावा दिवस झाल्यानंतरच्या आठवड्यात, पुस्तकाची ती दोन पानं लिहून झाली होती तेव्हा, नसरीननं मला बोलावलं. पुढ्यात पत्र्याची एक चपटी डबी ठेवली. "चाचा, हे काय आहे? अब्बांनी कुणाला हात लावू दिला नाही. विचारलं की म्हणायचे, बाक़ी शहर हैं, अमानत है." मी झाकण उघडलं. आपल्या चिठ्ठ्या. उरलेल्या, सगळ्या. अकरा होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर, त्या वर्षी आपण जिथं गेलो त्या शहराचं नाव तुझ्या बारीक अक्षरात. मला उर्दू वाचता येत नाही, म्हणून नसरीन एकेक वाचत गेली. बिदर. भोपाळ. बऱ्हाणपूर. एकीवरचं अक्षर वेडंवाकडं होतं, घडीवरून घसरलेलं, न दिसता लिहिलेलं. ती थांबली. "ही इंदौर."

मी ती हातात घेतली. माझा जन्म कागदात गेला, पत्रिकेचं कार्ड मी ओळखतो. एकदा उघडून पुन्हा मिटलं की घडीवर पांढरी रेघ येते, कितीही जपून मिटा. हिची घडी तशी नव्हती. अंगठ्यानं मी दाबली होती तशीच होती, कडक. खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला आत कुठंतरी आशा होती की तू कधीतरी ती कुणाकडून वाचून घेतली असशील. की तुला माहीत होतं, आणि माहीत असून तू माझं कोपर धरून चाललास. तसं असतं तर मला थोडं निजता आलं असतं. तू उघडलीच नव्हतीस. तुला उघडायची गरजच वाटली नव्हती.

"यात हैदराबाद असणार ना?" नसरीन म्हणाली.

"उघड."

"अब्बांचा नियम..."

"उघड, बेटा."

तिनं उघडली. वाचली. पुन्हा वाचली. "इंदूर," ती म्हणाली. "मग जी निघाली होती, ती?"

"तीही."

"दोन्ही तुम्हीच लिहिल्या होत्या?"

"दोन्ही."

तिनं चिठ्ठी उलटून तुझं अक्षर पाहिलं. तिच्या बोटांवर शाई होती, तुझ्यासारखीच, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या कडेला. कलमदान तिच्याकडे यायचं होतं हे तिला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. मग मीच सांगितलं. तू सांगू नको म्हणाला होतास तेही सांगितलं, की तिचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे. तेव्हा ती रडली. माझ्याकडे पाठ करून रडली.

मग तिनं चिठ्ठी त्याच घडीवर मिटली. घडीवर पांढरी रेघ आली होती. ती डबीत ठेवली, झाकण लावलं. मी ती डबी मागणार होतो. माझा हात पुढं झालाही असेल, कारण तिनं ती उचलून मांडीवर घेतली.

"हे लिहून द्या," ती म्हणाली.

"पुस्तकात?"

"पुस्तकातच. अब्बांनी सगळ्यांना सांगितलंय ना?" दर वेळी ती मला फाटकापर्यंत पोचवायला येते. त्या दिवशी आली नाही. मी चपला घालत असताना आतूनच म्हणाली, "आणि मला नका लिहू, चाचा. अब्बांना लिहा."

म्हणून ती पानं फाडून तुला लिहितो आहे. दोन पानांत मावलं नाही. माफी मागत नाही. ती द्यायला तू नाहीस आणि नसरीननं देऊ नये. फक्त तुझी गोष्ट आता कुणी सांगेल तर ती नीट सांगावी, एवढ्यासाठी. हबीब, त्या दिवशी बशीत हैदराबाद नव्हतंच. चिठ्ठीनं तुला कुठं पाठवलं नाही. मी पाठवलं.